इटलीतली कॅथेड्रलं: तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न, एकदाचे एका जागी

मी मिलानच्या जवळ राहते, त्यामुळे एप्रिल उजाडला की ओळखीच्यांचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्यांचे मेसेज सुरू होतात, आणि हॉटेल-ट्रेनचं बोलून झालं की गाडी चर्चवर येतेच. प्रश्न ठरलेले असतात. तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून सगळे इथे लिहून ठेवलेत. सोपे आधी, किचकट नंतर, आणि एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत नाही, फक्त नंबर देईन.

१. कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च, बरोबर ना?

नाही, आकाराचा काही संबंध नाही, संबंध खुर्चीचा. ‘कॅथेड्रा’ म्हणजे आसन, आणि ज्या चर्चमध्ये त्या भागाच्या बिशपचं अधिकृत आसन असतं ते कॅथेड्रल. बिशपच्या हाताखालच्या भागाला धर्मप्रांत म्हणतात, जसा आपल्याकडे वसईचा धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा झाला. इटलीत आजही २०० च्या वर धर्मप्रांत आहेत, त्यामुळे कॅथेड्रलंही तितकी, आणि त्यातली कित्येक इतकी साधी की समोरून चालत गेलात तरी कळणार नाही. आत गेलात की मुख्य वेदीच्या जवळपास एक वेगळं, बहुतेक वेळा उंचावर ठेवलेलं आसन शोधा. सगळे मान वर करून छत बघत असतात आणि ज्या वस्तूवरून इमारतीला नाव पडलं तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

२. मग दुओमो वेगळं आणि बॅसिलिका वेगळी का? गाइड तिन्ही शब्द वापरतो.

‘दुओमो’ हा बोलीतला शब्द, लॅटिन ‘दोमुस’ म्हणजे घर यावरून आलेला. गावातलं मुख्य चर्च ते दुओमो. बहुतेक वेळा तेच कॅथेड्रलही असतं, पण दरवेळी नाही. मोन्झाला सुंदर दुओमो आहे पण तिथे बिशपच नाही, कारण मोन्झा मिलानच्या धर्मप्रांतात येतं.

बॅसिलिका ही पोपने दिलेली मानाची पदवी (त्याच नावाचा इमारतीचा साचाही आहे, तो प्रश्न ४ मध्ये). जुन्या गोव्यात गेला असाल तर हा फरक तुम्ही बघितलेला आहे, लक्षात आला नसेल एवढंच: बॉम जेझूस ही बॅसिलिका, आणि रस्त्यापलीकडचं ‘से’ हे कॅथेड्रल. गर्दी बॅसिलिकेत, खुर्ची कॅथेड्रलमध्ये.

३. रोमचं कॅथेड्रल म्हणजे सेंट पीटर्स ना?

यावर मी एकदा पैज जिंकलेय. नाही! पोप हा रोमचा बिशप, आणि रोमचा बिशप म्हणून त्याचं आसन आहे सान जोव्हान्नी इन लातेरानो या चर्चमध्ये, शहराच्या दुसऱ्या बाजूला. सम्राट कॉन्स्टंटाइननं चौथ्या शतकात ही जागा दिली आणि चौदाव्या शतकात पोप फ्रान्समधल्या आव्हिन्योंला जाईपर्यंत पोपमंडळी तिथेच राहायची, परत आल्यावर मुक्काम व्हॅटिकनला हलला पण खुर्ची हलली नाही. आजचं आतलं रूप मुख्यतः सतराव्या शतकातलं, वास्तुकार बोरोमिनीचं. सेंट पीटर्सइतकी रांग इथे सहसा नसते, जरूर जा.

४. आत गेल्यावर सगळी एकाच साच्यातली का वाटतात?

कारण साचा खरंच एक आहे आणि तो मुळात धार्मिक नाहीच. रोमन लोकांची ‘बॅसिलिका’ म्हणजे कोर्टकचेरी आणि व्यवहाराची मोठी सार्वजनिक इमारत. ३१३ नंतर ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली तेव्हा खूप माणसं एका छताखाली मावतील अशी जागा हवी होती. रोमन देवळं त्या कामाची नव्हती, तिथे आत देवाची मूर्ती आणि लोक बाहेर. म्हणून कचेरीचा नमुना उचलला: मधे लांब उंच दालन, दोन्ही बाजूंना खांबांपलीकडे बुटक्या पडव्या, आणि टोकाला अर्धगोल भाग. कचेरीत तिथे न्यायाधीश बसायचा, चर्चमध्ये तिथे बिशप बसायला लागला. पुढे मधे आडवं दालन टाकून वरून क्रूसासारखा आकार आला, छेदाच्या जागी घुमट आला, पण मूळ साचा तोच.

५. बाप्तिस्म्याची इमारत वेगळी आणि घंटेचा मनोरा पण वेगळा, असं तुकड्या-तुकड्यात का?

पिसा, फ्लोरेन्स, पार्मा, सगळीकडे हे दिसेल. बाप्तिस्मा झाल्याशिवाय माणूस मंडळीत पूर्ण सामील नाही, म्हणून तो विधी दाराबाहेरच्या इमारतीत आणि मग आत प्रवेश. ही इमारत खूपदा अष्टकोनी असते, कारण आठवा दिवस म्हणजे सात दिवसांच्या आठवड्यापलीकडचा, नव्या जन्माचा दिवस. मनोरा सुटा ठेवायची तर इटलीत जुनी पद्धतच आहे. फ्लोरेन्सचा मनोरा जोत्तोनं १३३४ मध्ये सुरू केला, तो चित्रकार, आणि काम संपायच्या आत गेला. ही तक्रार पुढे बऱ्याच जणांच्या बाबतीत येणारे.

६. एक चर्च बांधायला ५००-६०० वर्षं कशी लागतात? काम करत होते की नाही?

करत होते हो. मिलानचंच घ्या. १३८६ मध्ये सुरुवात झाली, आणि शेवटचं ब्राँझचं दार बसलं १९६५ मध्ये. मिलानमधे न संपणाऱ्या कामाला ‘दुओमोचं बांधकाम’ म्हणायची पद्धत आहे, आमच्या सोसायटीतल्या लिफ्टच्या दुरुस्तीला हल्ली तेच नाव पडलंय.

आधी विटांचं बांधायचं ठरलं होतं. पण सत्तेवर आलेल्या जान गालेआत्सो व्हिस्कोन्तीला युरोपातल्या राजांच्या तोडीचं काहीतरी पाहिजे होतं, त्यानं कांदोल्याची खाण देऊन टाकली. तिथला संगमरवर पांढरा पण त्यात गुलाबी झाक, सकाळच्या कोवळ्या उन्हात बघा म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. पण खाण डोंगरात आणि मिलान सपाटीवर, मग दगड तराफ्यांवर चढवायचे, तोचे नदीतून माज्जोरे तलावात, तिथून तिचिनो नदी, तिथून कालवा, आणि कालव्यातून थेट बांधकामाच्या जवळच्या छोट्या तळ्यापर्यंत. ते तळं १८५७ मध्ये बुजवलं, पण रस्त्याचं नाव आजही ‘तळ्याची गल्ली’ आहे आणि तिथे पाण्याचा थेंब नाही. या दगडांना जकात माफ होती, म्हणून त्यावर ‘बांधकामाच्या उपयोगासाठी’ या लॅटिन शब्दांची आद्याक्षरं मारायचे, ए यू एफ. इटालियनमध्ये फुकट खाण्याला ‘आ उफो’ म्हणतात ते यावरूनच, असं इथे कोणीही तुम्हाला सांगेल.

मग भांडणं. जर्मन आणि फ्रेंच तज्ञ बोलावले, त्यांचं स्थानिक गवंड्यांशी जमेना. १४०० च्या सुमाराला झां मिन्यो नावाच्या फ्रेंच माणसानं लेखी आक्षेप घेतले की हे पडेल, शास्त्राशिवाय कला म्हणजे शून्य. त्याला घालवून दिलं. इमारत अजून उभी आहे, तेव्हा कोण बरोबर होतं ते तुम्हीच ठरवा.

त्यात पैसे संपायचे, राज्यकर्ते बदलायचे. सोनेरी मादोन्नीना, म्हणजे शिखरावरची मेरीची मूर्ती, १७७४ मध्ये १०८.५ मीटरवर चढली. दर्शनी भाग मात्र रखडलेलाच होता, तो शेवटी नेपोलियननं मार्गी लावायला लावला, २६ मे १८०५ ला इथेच त्यानं इटलीचा राजा म्हणून स्वतःच्या हातानं डोक्यावर मुकुट ठेवला. आणि संपलं असंही नाही: १३८७ मध्ये स्थापन झालेली ‘फाब्रिका’ ही संस्था अजून चालू आहे, त्याच खाणीतून दगड काढून झिजलेले तुकडे बदलत असते. परांची बांधलेली दिसली तर फोटो बिघडला म्हणून वैतागू नका, परांची हा या इमारतीचा अवयवच आहे.

७. एवढे पैसे आणले कुठून? पोपने दिले?

पोपनं क्वचित. पैसा शहराचा. फ्लोरेन्समध्ये १३३१ पासून बांधकामाची जबाबदारी लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या संघाकडे होती, म्हणून तिथे कोकराचं चिन्ह दिसतं. मिलानला श्रीमंतांनी जमिनी दिल्या, बाकीच्यांनी कपडे, दागिने, नाहीतर नुसते अंगमेहनतीचे दिवस. हिशेब ठेवायला जी संस्था असायची तिला कुठे ‘ओपेरा’ म्हणतात, कुठे ‘फाब्रिका’. हे माझं मत धरा, पण भक्ती जेवढी होती तेवढीच शेजारच्या गावाशी चुरस होती. सिएनाचं उदाहरण प्रश्न ११ मध्ये वाचा, अति झालं आणि हसू आलं.

८. फ्लोरेन्सच्या घुमटाचं सगळे एवढं का कौतुक करतात? घुमट तर सगळीकडे असतात.

१२९६ मध्ये आर्नोल्फो दि काम्ब्योनं काम सुरू केलं. पुढच्या पिढ्यांनी ते आणखी मोठं केलं, आणि मधल्या छेदावर सुमारे ४५ मीटर रुंदीचं अष्टकोनी भोक ठेवलं. त्यावर घुमट येणार हे ठरलं होतं, तो बांधायचा कसा हे कोणालाच माहीत नव्हतं! म्हणजे पोराचं लग्न ठरवून टाकलं, हॉल घेतला, पत्रिका वाटल्या, मुलगी नंतर बघू. कमान किंवा घुमट बांधायचा तर खालून लाकडी सांगाडा लागतो, चुना सुकेपर्यंत तो वजन पेलतो, पण जमिनीपासून ५० मीटरहून उंच एवढा सांगाडा उभारायला लाकूड कुठून आणणार.

१४१८ मध्ये स्पर्धा लावली आणि काम आलं फिलिप्पो ब्रुनेल्लेस्कीकडे, जो शिक्षणानं सोनार. त्यानं सांगाडा टाळला. घुमट दोन पापुद्र्यांचा, आत जाड आणि बाहेर पातळ. विटा आडव्या रचताना ठरावीक अंतरावर एक वीट उभी घालायची, पुढच्या थरात तीच जागा थोडी सरकते, असं करत माशाच्या काट्यासारखी नक्षी तिरकी वर चढते. उभ्या विटा मधल्या आडव्या विटांना पाचरीसारख्या धरून ठेवतात, त्यामुळे चुना ओला असतानाही थर आत घसरत नाही आणि एक वेढा पुरा झाला की तो स्वतःच स्वतःला तोलतो. ४० लाखांहून जास्त विटा गेल्या असं मानतात. वर माल चढवायला त्यानं बैलांचं यंत्र केलं, बैल न फिरवता दिशा बदलता येईल असं.

१४२० ला सुरू आणि १४३६ ला घुमट तयार, म्हणजे १६ वर्षं. प्रश्न ६ नंतर हा आकडा वाचून बरं वाटतं. वरचा ‘लँटर्न’, म्हणजे घुमटाच्या माथ्यावरचा छोटा मनोरा, त्याच्या मृत्यूनंतर पुरा झाला (तो १४४६ ला गेला), आणि त्याची कबर याच कॅथेड्रलखाली आहे, १९७२ मध्ये सापडली.

४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. वाट दोन पापुद्र्यांच्या मधूनच जाते, जसजसं वर जाल तशी भिंत तिरकी होऊन अंगावर येते आणि शेवटी तुम्ही भिंतीला खांदा लावून चालत असता. तिथे एखाद्या वळणावर त्या उभ्या विटा उघड्या दिसतात, बोटांना लागतात. माझे काका ७१ वर्षांचे, निवृत्त सिव्हिल इंजिनिअर, तिथे असे थांबले की मागची रांग ओरडायला लागली तरी हलेनात, विटाच मोजत होते.

खाली उतरलात की कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला फरसबंदीत एक पांढरा गोल दगड शोधा. १६०० साली वीज पडून घुमटावरचा सोनेरी गोळा खाली कोसळला, तो इथे येऊन पडला. लोक त्यावर उभे राहून सेल्फी काढतात, पायाखाली काय आहे पत्ता नसतो.

९. यांना गॉथिक म्हणतात, पण पॅरिससारखी का दिसत नाहीत?

बरोबर डोळा आहे तुमचा. फ्रान्समध्ये भिंत जवळजवळ काढून टाकून काच लावली आणि भार बाहेरच्या टेकू-कमानींवर दिला. इटलीत ऊन भरपूर, शिवाय भिंतीवर चित्रं काढायची हौस, मग भिंत घालवून कसं चालेल. त्यामुळे टोकदार कमानी घेतल्या पण भिंती जाड ठेवल्या, बाहेर टेकूंचा पसारा नको म्हणून आत खुशाल लोखंडी गज आडवे टाकले. फोटोत ते गज दिसतात, ते नंतरच्या दुरुस्तीचे असतील असं सगळ्यांना वाटतं, खूपदा ते मूळचेच असतात. मिलान हा अपवाद, ते उत्तरेकडे झुकलेलं. ‘गॉथिक’ ही तर शिवी होती, सोळाव्या शतकात वासारीसारख्या कलेवर लिहिणाऱ्यांनी ही शैली रानटी गॉथ लोकांच्या माथी मारली. आता शिवीचं कौतुक झालंय.

१०. दर्शनी भाग एकदम नवा का दिसतो? आणि काही ठिकाणी नुसत्या विटा का?

दर्शनी भाग शेवटी करायचे आणि शेवटी पैसे नसायचे. फ्लोरेन्सचा अर्धवट जुना भाग १५८७ मध्ये उतरवून टाकला आणि मग ३०० वर्षं तिथे बोडकी भिंत. आज दिसतो तो पांढरा-हिरवा-गुलाबी भाग १८८७ ला पुरा झाला. मला विचाराल तर जरा नटवाच वाटतो. बोलोन्यात सान पेत्रोन्योचं खाली संगमरवर आणि वर उघड्या विटा, तसंच राहिलं, आणि मला तेच आवडतं. (ते कॅथेड्रल नाही बरं का! बोलोन्याचं कॅथेड्रल सान पिएत्रो, तिथून थोड्या अंतरावर, आणि पर्यटक ते चुकवतात.)

११. सिएनाला ते काळे-पांढरे पट्टे आणि शेजारी ती एकटी उभी भिंत, भानगड काय आहे?

काळा-पांढरा हे सिएनाच्या निशाणाचे रंग. भिंतीची गोष्ट अशी, की फ्लोरेन्सचं चाललेलं बघून सिएनाकरांनी १३३९ मध्ये ठरवलं की आपलं आहे ते चर्च नुसतं आडवं दालन धरायचं आणि त्याला जोडून नवं मुख्य दालन बांधायचं. म्हणजे अख्खं कॅथेड्रल हा नव्या कॅथेड्रलचा हात! भिंती वर आल्या, आणि १३४८ ला प्लेग आला. माणसं गेली, पैसा गेला, आणि वर बांधकामातही दोष निघाले, मग सोडून दिलं. त्या न झालेल्या दालनात आता उघडं मैदान आहे, गाड्या लागतात, आणि टोकाच्या भिंतीवर चढता येतं. आतली फरशी म्हणजे ५६ दगडी चित्रं, वर्षातला बराच काळ झाकलेली असते, तेव्हा तारखा आधी बघा.

१२. पिसाचा मनोरा सरळ करून टाकत का नाहीत?

आधी हे, की तो एकटा मनोरा नाहीच, शेजारच्या कॅथेड्रलचा घंटाघर आहे. लोक हात पुढे करून फोटो काढतात आणि निघून जातात, अकराव्या शतकातलं वास्तुकार बुस्केतोचं कॅथेड्रल न बघता. ते १०६३ मध्ये पालेर्मोवर मारलेल्या समुद्री छाप्याच्या लुटीतून सुरू झालं.

मनोरा ११७३ चा. तीन मजले झाल्यावर मऊ माती खचून कलायला लागला, आणि नेमकं तेव्हाच काम जवळजवळ १०० वर्षं बंद पडलं. तेच नशीब, तेवढ्यात माती दाबून घट्ट झाली, सलग बांधला असता तर कोसळलाच असता. वरचे मजले कल सावरायला वेगळ्या कोनात घातलेत, त्यामुळे नीट बघितलं तर तो केळ्यासारखा वाकलेला आहे. १९९० मध्ये बंद केला, उंच बाजूखालची माती थोडी थोडी काढून ४० सेंटीमीटरहून जास्त मागे आणला आणि २००१ च्या शेवटी उघडला. पुरता सरळ करायचा विचारच नव्हता, तिकीट कोण काढणार. मोडेन पण वाकणार नाही म्हणतात ना, हा वाकला म्हणून टिकला.

१३. जुनी देवळं पाडून त्यावर चर्च बांधली का?

कधी पाडून, कधी न पाडता. सिसिलीतल्या सिराकूझाला जा. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातलं अथेनाचं देऊळ तसंच ठेवून त्याच्या खांबांमधल्या जागा भिंतीनं बुजवल्या, आतल्या गाभाऱ्याच्या भिंतींना कमानी पाडल्या, आणि झालं चर्च. बाहेरच्या गल्लीतून चालताना भिंतीतून जाडजूड ग्रीक खांब पोटासारखे बाहेर आलेले दिसतात. पुढचा भाग १६९३ च्या भूकंपानंतरचा, बरोक. मी त्या खांबाला हात लावून उभी होते तेव्हा शेजारी एक आजी त्याच खांबाला पिशवी टेकवून भाजी नीट लावत होती.

पालेर्मोचं कॅथेड्रल मुसलमानी काळात मशीद होतं, त्याच्याही आधी चर्च. बाराव्या शतकात नव्यानं बांधलं तरी दक्षिणेच्या दाराशी एका खांबावर कुराणातली ओळ कोरलेली आहे, अजून. म्हणून ‘हे कोणत्या शैलीचं’ हा प्रश्न विचारलात की मी गप्प बसते, कोणत्या भिंतीबद्दल विचारताय ते आधी सांगा.

१४. कॅथेड्रलचं पद बदलू शकतं का? एका बिशपची दोन असतात का?

दोन्हीला हो. व्हेनिसचं सान मार्को १८०७ पर्यंत कॅथेड्रल नव्हतंच, ते दोजचं, म्हणजे तिथल्या राज्यप्रमुखाचं खासगी चर्च. कॅथेड्रल होतं शहराच्या टोकाला, सान पिएत्रो दि कास्तेल्लो. व्हेनिसकरांना धर्मसत्ता जरा लांबच बरी वाटायची.

आणि १९८६ मध्ये इटलीतले बरेच छोटे धर्मप्रांत एकत्र केले, मग एकाच बिशपच्या वाट्याला दोन-तीन कॅथेड्रलं आली. एकाला मुख्य धरायचं आणि बाकीची ‘कोन-कात्तेद्राले’, सहकॅथेड्रल म्हणा. पाटीवर हा शब्द दिसला तर समजा, या गावाचा बिशप गेला पण मान राहिला.

१५. पडतात का कधी?

पडतात. व्हेनिसचा घंटेचा मनोरा १९०२ मध्ये सकाळी बसला तो बसलाच, ‘होता तिथे, होता तसा’ म्हणत १९१२ ला परत उभा केला. नोतोच्या कॅथेड्रलचा घुमट १९९६ मध्ये कोसळला, २००७ ला पुन्हा उघडलं. तुम्ही बघताय तो दगड किती जुना हा प्रश्न त्यामुळे जरा जपूनच विचारा (मिलानचं प्रश्न ६ मध्ये आलंच आहे).

१६. कपडे, तिकीट, वेळ?

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. एका टूरवाल्यानं माझ्या मावसभावाच्या ग्रुपला हे सांगितलंच नाही, तो हाफ पँटमध्ये दारात अडकला आणि बायकोची ओढणी लुंगीसारखी गुंडाळून आत गेला, तो फोटो फॅमिली ग्रुपवर अजून फिरतो. प्रार्थनेला जाणाऱ्यांना पैसे नाहीत, फिरायला बहुतेक मोठ्या ठिकाणी तिकीट आहे. फ्लोरेन्सच्या घुमटाची वेळ आधीच बुक करा. मिलानच्या छतावर मात्र लिफ्टनं जाता येतं, गुडघे दुखणाऱ्यांनी तेच करा.

१७. इटलीला जाणं काही जमत नाहीये. जवळपास काही बघण्यासारखं आहे?

आहे की, प्रश्न २ मधल्याच बॉम जेझूसमध्ये. सेंट फ्रान्सिस झेविअरची पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर ठेवलीये तो फ्लोरेन्सहून आलाय. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा यानं आपल्या दरबारी शिल्पकाराकडून, जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीकडून, तो करून घेतला आणि सुट्या तुकड्यांत जहाजानं गोव्याला पाठवला, १६९८ मध्ये इथे बसवला. तिथून थोडं पुढे सेंट कॅजेटनचं चर्च, ते इटालियन थिएटाइन पाद्र्यांनी सतराव्या शतकात रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर बांधलं. सगळे मान वर करून पेटीकडे बघत असतात. तुम्ही खाली बघा, पेटीखालच्या ब्राँझच्या पट्ट्यांकडे.